मैदानातून माइकसमोर : मराठवाड्यातील निवृत्त फुटबॉलपटूंसाठी समालोचनाची वाट

वर्षानुवर्षे फुटबॉल खेळलेल्या माणसाला चेंडू कोठे आहे हे स्वतःला सांगावे लागत नाही. त्याची नजर चेंडूच्या पुढे धावत असते. कोणता बचावपटू जागा सोडून वर गेला आहे, कोणत्या कोपऱ्यात पोकळी पडली आहे, हे त्याला विचार न करता दिसते. खेळताना ही नजर म्हणजे भांडवल असते, पण समालोचनाच्या पहिल्या दिवशी तीच आड येते. मुंबईत एका खात्याच्या संघाकडून आठ हंगाम खेळून आणि गुडघा गमावून मी छत्रपती संभाजीनगरला परतलो, तेव्हा एका स्थानिक स्पर्धेत माइक हाती आला. बचावफळीतल्या एका फटीबद्दल मी इतका रंगून बोलत होतो की तेवढ्यात गोल झाला आणि तो सांगायचा राहूनच गेला. सामना संपल्यावर कुंपणापलीकडचा टपरीवाला म्हणाला, "सर, लई भारी बोलायलेते, पण गोल कुणी केला ते कळालंच नाही." पुढे जे काही लिहिले आहे ते या एका वाक्याचे उत्तर आहे. जिल्हा, विद्यापीठ किंवा खात्याच्या संघाकडून खेळून थांबलेल्या आणि आता समालोचनाकडे वळू पाहणाऱ्या मराठवाड्यातील खेळाडूंसाठी ते आहे.

पहिली पायरी : कोणत्या खुर्चीत बसायचे ते ठरवा

समालोचन हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या कामांसाठी वापरतो. पहिले काम मैदानावरच्या निवेदकाचे. त्याचा श्रोता सामना डोळ्यांनी पाहत असतो, म्हणून त्याला वर्णन नको असते. गोल कोणाचा, बदली खेळाडू कोण आला, पिवळे कार्ड कोणाला मिळाले आणि पुढचा सामना किती वाजता, एवढेच त्याला हवे असते. दुसरे काम धावत्या समालोचकाचे, म्हणजे चेंडूबरोबर सतत बोलत राहण्याचे. तिसरे काम तज्ज्ञाचे. तो धावत्या समालोचकाच्या शेजारी बसतो आणि खेळ थांबला की जे घडले ते का घडले हे दोन वाक्यांत सांगतो. निवृत्त खेळाडूला साधारणपणे ही तिसरी खुर्ची देऊ करतात आणि ती त्याला शोभतेही. मात्र आपल्याकडच्या स्पर्धांमध्ये बहुतेक वेळा एकच माइक आणि एकच माणूस असतो, त्यामुळे तिन्ही कामे आली पाहिजेत आणि आपण या क्षणी कोणते काम करत आहोत याचे भान राहिले पाहिजे.

खेळलो आहोत म्हणून खुर्ची आपलीच, असे मात्र समजू नये. भारतीय फुटबॉलचा आवाज म्हणून ओळखले गेलेले, २०२१ मध्ये निवर्तलेले नोवी कपाडिया हे दिल्लीत इंग्रजीचे प्राध्यापक होते. उलट इंग्लंडचा गॅरी लिनेकर १९८६ च्या विश्वचषकात ६ गोल करून सर्वाधिक गोलांचा मानकरी ठरला होता, तरी १९९४ मध्ये खेळ थांबवल्यानंतर बीबीसीच्या शनिवारच्या फुटबॉल कार्यक्रमाचे नियमित सूत्रसंचालन त्याच्याकडे १९९९ मध्ये आले. मधली वर्षे त्याने बोलण्याची उमेदवारी करण्यात घालवली आणि नंतर ती खुर्ची २०२५ पर्यंत सांभाळली. जगभर नाव असलेल्या खेळाडूला एवढा वेळ लागला, तर आपण पहिल्या दोन वर्षांत फार अपेक्षा ठेवू नयेत.

दुसरी पायरी : चेंडू सांगायला शिका

हीच पायरी सगळ्यात अवघड आहे आणि बहुतेक माजी खेळाडू ती गाळतात. बीबीसीने २२ जानेवारी १९२७ रोजी लंडनमधील हायबरी मैदानावरून आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड यांच्यातील सामना रेडिओवर ऐकवला, तेव्हा समालोचक होते टेडी वेकलम. ते स्वतः रग्बीचे माजी खेळाडू होते. मैदानाचे ८ चौकोन पाडलेला नकाशा बीबीसीच्या साप्ताहिकात आधीच छापला होता आणि वेकलम बोलत असताना दुसरा एक आवाज चेंडू कोणत्या चौकोनात आहे तो आकडा सांगत होता. त्याच्या आठवडाभर आधी ट्विकनहॅमच्या रग्बी सामन्यात त्यांच्यासमोर एका अंध माणसाला बसवले होते, म्हणजे वेकलम यांनी हवेत न बोलता त्या माणसाला सामना सांगावा. शंभर वर्षांपूर्वीची ही युक्ती आजही तितकीच उपयोगी पडते.

घरी ती अशी करून पाहा. वहीच्या पानावर मैदान काढून त्याचे ८ चौकोन करा. टीव्हीवर किंवा मोबाइलवर कोणताही सामना लावून आवाज पूर्ण बंद करा. घरातील एखाद्या व्यक्तीला पडद्याकडे पाठ करून, हातात ते पान आणि एक तुरीचा दाणा देऊन बसवा. तुमचे बोलणे ऐकून तिने दाणा सरकवत राहायचे आणि तुम्ही १० मिनिटे बोलायचे. मधेच खेळ थांबवून दाणा आणि चेंडू एकाच चौकोनात आहेत का ते पाहायचे. पहिल्या महिन्यात माझ्या आईच्या हातातला दाणा बहुतेक वेळ मध्यरेषेवरच पडून असे. ती म्हणायची, "तू कोणाबद्दल बोलतोस ते कळते, पण तो उभा कुठे आहे ते सांगत नाहीस." श्रोत्याला प्रत्येक क्षणी चार गोष्टी लागतात : चेंडू कोठे, कोणाच्या पायात, कोणत्या दिशेने आणि धोका किती. पाचवी गोष्ट गुणफलक. रेडिओ लावणारा माणूस मधेच येतो आणि मधेच जातो, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी गुण आणि वेळ सांगितलीच पाहिजे. तुम्हाला ती पुनरुक्ती वाटते, नुकत्याच आलेल्या श्रोत्यासाठी ती पहिली बातमी असते.

मराठीत यात एक खास अडचण आहे. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते. "उजव्या बगलेवरून शेखने दिलेल्या पासवर गायकवाडने डाव्या पायाने चेंडू गोलजाळ्याकडे मारला" हे वाक्य वर्तमानपत्रात छान दिसते, पण ते पूर्ण होईपर्यंत गोलकीपरने चेंडू अडवून पुढे फेकलेला असतो. म्हणून धावत्या समालोचनात वाक्य मोडायला शिकावे लागते : "उजवीकडे शेख... पुढे जागा आहे... आत दिला, गायकवाड... मारला! अडवला गोलकीपरने." नाव आधी, जागा लगेच, क्रियापद एका शब्दाचे. "आहे", "होता", "असे म्हणता येईल" यांसारखी शेपटे खेळ चालू असताना सरळ कापून टाकावीत आणि चेंडू बाहेर गेल्यावर पूर्ण वाक्यांकडे परत यावे. काळाचाही गोंधळ होतो. चेंडू पायात असेपर्यंत वर्तमानकाळ, सुटला की भूतकाळ, एवढा नियम पाळला तरी बोलण्याला आपोआप चढ-उतार येतो.

आणि ती फट, ती पोकळी, जी फक्त तुम्हाला दिसते, तिचे काय करायचे? ती साठवून ठेवायची. थ्रो-इन, गोल किक, जखमी खेळाडूवर उपचार, बदली, अशा विसाव्यांत ती सांगायची : "डावा बचावपटू तिसऱ्यांदा मध्यरेषेपलीकडे गेला आहे आणि त्याची जागा कोणी भरत नाही, तेथे लक्ष ठेवा." पाच मिनिटांनी तेथूनच गोल झाला, तर श्रोता तुमच्यावर विश्वास ठेवतो. झाला नाही, तरी त्याला खेळ पाहण्याची एक नवी जागा मिळालेली असते.

तिसरी पायरी : शब्दसाठा

गोलकीपर, कॉर्नर, पेनल्टी, ऑफसाइड, थ्रो-इन, फाऊल हे शब्द जसेच्या तसे ठेवावेत; त्यांचे शुद्ध मराठी पर्याय ऐकून मैदानावरचे पोरगेही हसते. मराठीचे वैभव हालचालीच्या शब्दांत आहे : मुसंडी मारली, हुलकावणी दिली, चाल रचली, बगल दिली, थोपवला, परतवून लावला, चेंडू खांबाला चाटून गेला. आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचे समालोचन घरोघरी पोहोचवणारे बाळ ज. पंडित, किंवा आपल्याकडच्या जत्रांत हलगीच्या तालावर कुस्तीचा फड जागता ठेवणारे निवेदक, यांच्याकडून शब्द कसा टाकायचा हे शिकावे. लय मात्र उसनी घेऊ नये. कुस्तीत डाव लागेपर्यंत निवेदकाला श्वास घ्यायला वेळ असतो, फुटबॉलमध्ये तो नसतो.

बोलीबद्दल मला वारंवार विचारले जाते. आकाशवाणीच्या माइकसमोर प्रमाण मराठीच बोलावी. गावच्या मैदानावर "पळायलाय बघा, अजून पळायलाय" असे एखादे वाक्य सहज आले तर ते दाबू नये, मात्र हशा मिळवण्यासाठी ते मुद्दाम पेरू नये. नांदेड, परभणी, संभाजीनगर येथे कुंपणाबाहेरचा अर्धा प्रेक्षक दखनी हिंदी-उर्दू बोलतो, त्याच्यासाठी गुणफलक हिंदीतूनही सांगितला तर कोणाचे काही बिघडत नाही.

चौथी पायरी : नियम नव्याने वाचा

माजी खेळाडूचा सर्वांत मोठा धोका म्हणजे त्याच्या डोक्यातील नियम त्याच्या शेवटच्या हंगामाबरोबर थांबलेले असतात. फुटबॉलचे १७ नियम १८८६ मध्ये स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय मंडळ ठरवते आणि त्यांत जवळजवळ दरवर्षी काहीतरी बदलते. २०१६ पासून सुरुवातीची किक कोणत्याही दिशेला मारता येते. २०१९ पासून गोल किकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याची वाट पाहावी लागत नाही, बदलला जाणारा खेळाडू जवळच्या सीमारेषेवरून बाहेर जातो आणि प्रशिक्षकालाही पिवळे किंवा लाल कार्ड दाखवता येते. २०२५-२६ च्या हंगामापासून गोलकीपरने चेंडू ८ सेकंदांपेक्षा जास्त काळ हातात धरला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. आपण खेळत होतो तेव्हा मर्यादा ६ सेकंदांची होती, शिक्षा अप्रत्यक्ष फ्री किकची होती आणि खरे सांगायचे तर ती कोणी देत नसे.

ऑफसाइडबद्दल विशेष सावध राहावे. केवळ ऑफसाइडच्या जागी उभे राहणे हा गुन्हा नाही. तेथे असताना खेळात भाग घेतला तर तो गुन्हा ठरतो. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नर यांवरून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतो. पंचाने शिट्टी का वाजवली नाही याबद्दल कर्ण्यावरून शंका काढण्यापूर्वी एवढे आठवावे, कारण तुमच्या एका चुकीच्या वाक्याने आधीच तापलेले प्रेक्षक पंचाच्या अंगावर जाऊ शकतात. मी हे घडताना पाहिले आहे आणि ते वाक्य माझेच होते.

स्थानिक स्पर्धेत सामन्याची वेळ, बदली खेळाडूंची संख्या आणि बरोबरी झाल्यास जादा वेळ की थेट टायब्रेकर, हे आयोजक ठरवतात. स्पर्धेचे माहितीपत्रक सामन्याआधीच मागून घ्यावे.

पाचवी पायरी : सामन्याआधीचा कागद

दोन्ही संघांची नावे एका पानावर, खेळाडू जसे मैदानात उभे राहतात तशा मांडणीत लिहा. नुसत्या यादीत नाव शोधायला दोन सेकंद लागतात आणि तेवढ्यात चेंडू पुढे गेलेला असतो. आपल्याकडे पाठीवरचे क्रमांक अनेकदा यादीशी जुळत नाहीत, कधी कधी एकाच क्रमांकाचे दोन खेळाडू असतात. म्हणून सराव चालू असताना मैदानात उतरून प्रत्येकाची ओळखीची खूण लिहून घ्यावी : पांढरे बूट, डोक्याला पट्टी, डावखुरा. नावांचा उच्चार त्या खेळाडूलाच विचारावा. खात्यांच्या संघांत मणिपूर, केरळ, बंगालची मुले असतात, नांदेडमध्ये शीख मुले असतात आणि आपल्या नावाचा चुकीचा उच्चार कर्ण्यावरून ऐकणाऱ्या मुलाला काय वाटते हे बाहेरगावी खेळलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

कागदाच्या खालच्या भागात विसाव्यात सांगण्याच्या गोष्टी असाव्यात, पण त्या मैदानाशी जुळणाऱ्या हव्यात. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच राज्याच्या राजधानीतील हैदराबाद पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग ५ वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्याच हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा आला आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकला. आमखास मैदानाच्या कडेला बसलेल्या एखाद्या पांढऱ्या दाढीच्या प्रेक्षकाला युरोपातील कोणत्याही संघापेक्षा ही गोष्ट जास्त जवळची वाटते. मध्यंतरात ती सांगावी, हल्ला चालू असताना सांगू नये.

सहावी पायरी : काम कोठे मिळते

शालेय स्पर्धांपासून सुरुवात करावी. सुब्रतो चषकासारख्या शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग अशा चढत जातात आणि मराठवाड्यात संभाजीनगर व लातूर असे दोन क्रीडा विभाग असल्याने सामने भरपूर होतात. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन, सोबत १० मिनिटांचे ध्वनिमुद्रण देऊन, विनामूल्य निवेदन करण्याची तयारी दाखवावी. संभाजीनगर आणि नांदेड या दोन्ही विद्यापीठांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा ही त्यापुढची जागा. संभाजीनगर, परभणी, नांदेड येथील आकाशवाणी केंद्रांवर आवाजाची चाचणी कधी होते याची चौकशी करत राहावी आणि तोपर्यंत क्रीडा-वार्तापत्र किंवा मुलाखतीसाठी नाव सुचवून ठेवावे.

केवळ फुटबॉलवर मराठवाड्यात समालोचकाचे घर चालणार नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. मराठी फुटबॉल समालोचनाला जाणता प्रेक्षक कोल्हापुरात आहे. आपल्याकडे कबड्डी, खो-खो आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धांचे निवेदनही करावे लागते. मात्र प्रसारणात मराठीची जागा वाढते आहे. २०२३ मध्ये आयपीएलचे मराठी समालोचन मोबाइलवर चालू होते, तेव्हा माइकसमोर बसलेल्या केदार जाधवला बेंगळुरूच्या संघाने हंगामाच्या मध्यातच पुन्हा खेळायला बोलावले होते. आपल्यापैकी कोणाला असे बोलावणे येण्याची शक्यता कमी आहे, पण थेट प्रक्षेपण करणारे कॅमेरावाले आता तालुक्याच्या गावीही येतात आणि त्यांना बोलणारा माणूस लागतो.

माझ्या पहिल्या स्पर्धेचे मानधन शाल, श्रीफळ आणि एसटीचे भाडे असे होते. मान म्हणून शाल घ्यावी, पण मानधनाची रक्कम, सामन्यांची संख्या, राहण्याची सोय आणि पैसे मिळण्याची तारीख व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना लिहून घ्यावी. एका आयोजकाने अंतिम सामन्यानंतर माझा फोन उचलणेच बंद केले, तेव्हापासून मी अर्धी रक्कम आधी घेतो. समालोचकाचे मानधन व्यावसायिक शुल्कात मोडते आणि ठरावीक मर्यादेपुढे त्यातून १० टक्के कर कापला जातो, म्हणून पॅन क्रमांक द्यावा आणि कापलेल्या कराचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. रेल्वे, पोलीस किंवा बँकेत क्रीडा कोट्यातून नोकरीत असाल तर मानधन स्वीकारण्याआधी वरिष्ठांची लेखी परवानगी घ्यावी.

अनोळखी माणूस भरपूर पैसे देऊन मोजके प्रेक्षक असलेल्या सामन्याचे समालोचन करायला बोलावत असेल, तर थांबून चौकशी करावी. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातील मोलीपूर गावात २०२२ मध्ये शेतमजुरांना रंगीत कपडे घालून खोटी क्रिकेट लीग उभी केली गेली आणि रशियातील सट्टेबाजांना ती खरी वाटावी म्हणून एका प्रसिद्ध समालोचकाच्या आवाजाची नक्कल करणारा माणूसही ठेवला होता. पोलीस आले तेव्हा प्रकरणात समालोचकही होताच.

सातवी पायरी : आवाज आणि यंत्र

कर्णा असताना ओरडण्याचे कारण नसते; ओरडणे कर्ण्याचे काम आहे. माइक तोंडापासून दोन-तीन बोटांवर आणि किंचित बाजूला धरावा, कारण "फ", "प", "भ" या अक्षरांचा श्वास थेट माइकवर आदळला की फटफट असा आवाज येतो आणि आमच्या खेळाचे दुर्दैव असे की फुटबॉल, फाऊल, फ्री किक, पास, पेनल्टी, पंच हे सगळे शब्द याच अक्षरांनी सुरू होतात. स्पंजची टोपी जवळ ठेवावी. कर्ण्याचे तोंड स्वतःकडे असेल तर शिट्टी घुमते, ते साउंडवाल्याला सुरुवातीलाच सांगावे आणि त्याच्याशी सलगी ठेवावी. ध्वनिक्षेपकाचा परवाना आयोजकांनी काढला आहे ना, हे विचारून घ्यावे. प्रकाशझोतातल्या सामन्यांत रात्री १० ही कर्ण्याची मर्यादा आहे.

एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि स्पर्धा नेमक्या सुट्टीतच असतात. दिवसभरात चार सामने असतील तर दुसऱ्या सामन्यानंतर आवाज बसतो. बर्फाचे पाणी टाळावे, माठातले पाणी घोट घोट घ्यावे आणि मध्यंतरात गप्प बसावे, जे आमच्या व्यवसायातील लोकांना सर्वांत जड जाते.

आठवी पायरी : जुने सोबती आणि नवी खुर्ची

ज्यांच्याबरोबर खेळलो ते आता प्रशिक्षक, पंच, आयोजक असतात. आपला जुना संघ किंवा घरातला मुलगा खेळत असेल तर ते सुरुवातीलाच श्रोत्यांना सांगून टाकावे. चूक झाली तर चुकीचे वर्णन करावे, माणसाचे करू नये : "चेंडू सोडायला उशीर झाला" असे म्हणावे, "याला कळत नाही" असे म्हणू नये. शाळकरी मुलांच्या सामन्यात तर एवढेही जपून बोलावे. खेळाडू जखमी होऊन पडला तर दुखापत कोणती याचा अंदाज बांधू नये. घरी त्याची आई मोबाइलवर ऐकत असते. आणि "आमच्या वेळी" हे दोन शब्द एका सामन्यात एकदाच वापरावेत.

प्रत्येक सामन्याचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर करून दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकावे. पहिल्या १५ मिनिटांत गुणफलक किती वेळा सांगितला, चेंडू कोठे आहे हे किती वेळ कळले नाही आणि "तर" हा शब्द किती वेळा आला, हे वहीत मांडावे. माझ्या पहिल्या वहीत "तर" समोर ६१ हा आकडा आहे.

पहिल्या सामन्याला निघताना पिशवीत संघांचा कागद आणि त्याची एक जादा प्रत, दोन पेने, घड्याळ, स्पंजची टोपी, माइकची एक जादा वायर, पाण्याची बाटली, उन्हाची टोपी आणि कागद उडू नये म्हणून चार कपडे वाळत घालायचे चिमटे असू द्यावेत.